रिपोर्ट लिहिणाऱ्यालाच तो छापायचा हक्क द्या

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

इंग्लंडला केअर व्हिसावर, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करायच्या नोकरीसाठी, आलेल्या मुलामुलींच्या फसवणुकीच्या बातम्या तुमच्या पेपरमध्ये येतात त्या मी इथे लंडनच्या हॅरोमध्ये बसून मोबाईलवर न चुकता वाचते, आणि दर वेळी एकच गोष्ट खटकते, सगळा राग एजंटवर निघतो. निघायलाच हवा, त्यात वाद नाही. पण ज्या कंपनीचं स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट, म्हणजे आम्ही या माणसाला नोकरी देतोय असा व्हिसासाठी लागणारा दाखला, एजंटने विकला त्या कंपनीला बाहेरून माणसं आणायचं लायसन्स कोणी दिलं, आणि लायसन्स देणाऱ्यांवर नजर ठेवायला जो माणूस नेमला होता त्याचं आणि त्याच्या रिपोर्टांचं पुढे काय झालं, हे कुणी लिहीत नाही. म्हणून मीच लिहायला बसले. पत्र लांबलंय, सांभाळून घ्या.

2023 च्या शेवटी शेवटी एक मुलगी आमच्याकडे आली होती, ओळखीतल्या ओळखीतून. नर्सिंगचा जीएनएम कोर्स झालेली, घरच्यांनी कर्ज काढून इकडे पाठवलेली. एका प्लॅस्टिकच्या पिशवीत तिने सगळे कागद आणले होते, आणि त्याच पिशवीत कंपनीने दिलेला युनिफॉर्मचा जांभळा ट्यूनिक होता, पाकिटातून बाहेरही न काढलेला, त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. चार महिने ती इथे होती आणि एकही शिफ्ट मिळाली नव्हती. कंपनीच्या पत्त्यावर स्वतः जाऊन आली तर तिथे एका दुकानाच्या वरची बंद खोली. आणि आता होम ऑफिसचं, म्हणजे इथल्या गृहखात्याचं, पत्र आलेलं, तुमच्या स्पॉन्सरचं लायसन्स रद्द झालंय, 60 दिवसांत नवा स्पॉन्सर शोधा नाहीतर देश सोडा. ज्या सर्टिफिकेटसाठी तिच्या घरच्यांनी लाखो रुपये मोजले त्याची सरकारी फी तेव्हा 199 पौंड होती, आणि ती कंपनी होम ऑफिसला भरते. हे तिला मी सांगितलं तेव्हा ती काही बोललीच नाही, नुसती त्या ट्यूनिकच्या पाकिटावरून हात फिरवत राहिली.

तिला पुढे काय करायचं हे मी सांगू शकत नव्हते. म्हणजे माहीत नव्हतं असं नाही, वीस वर्षं इथे राहून थोडंफार कळतं, पण इथे कायदा कडक आहे. 1999 च्या इमिग्रेशन अँड असायलम कायद्यात स्पष्ट लिहिलंय की वकील नसाल किंवा इमिग्रेशन सल्लागारांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कमिशनरकडे रजिस्टर नसाल तर व्यवसाय म्हणून किंवा संस्थेमार्फत कुणाला इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा नाही, पैसे घेऊनही नाही आणि फुकटही नाही. फुकटचं कलम ऐकून आपल्या लोकांना आश्चर्य वाटतं, पण गुन्हा तो गुन्हाच, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सुरुवातीला मलाही हा नियम जाचक वाटायचा. आता नाही वाटत, कारण चुकीच्या सल्ल्याने काय होतं ते मी स्वतःच्या घरात बघितलंय.

2011 ची गोष्ट. माझ्या नवऱ्याचा व्हिसा वाढवायचा होता आणि आम्ही हाय स्ट्रीटवरच्या एका कन्सल्टंटकडे गेलो. नाव लिहीत नाही. टेबल, कॉम्प्युटर, सूट घातलेला माणूस, सगळं व्यवस्थित दिसत होतं. पैसे घेतले, कागद घेतले आणि रोज सांगायचा की फाईल गेलीय, फाईल गेलीय. व्हिसा संपायला नऊ दिवस उरले तेव्हा कळलं की फाईल कुठेच गेलेली नाही, आमचे पासपोर्ट त्याच्याच ड्रॉवरमध्ये पडलेत. मग कशीबशी क्रॉयडनच्या लूनर हाउसची, म्हणजे होम ऑफिसच्या व्हिसा कचेरीची, अपॉइंटमेंट मिळवली, पहाटे पाचला घरातून निघालो, तिथे बाहेर थंडीत रांगेत उभं राहिलो आणि जास्तीची फी भरून एकाच दिवसात काम करून घेतलं. रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका घानाच्या बाईंनी मला विचारलं, तुमच्या त्या माणसाच्या भिंतीवर कमिशनरचं सर्टिफिकेट होतं का? तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की असं काही सर्टिफिकेट असतं.

ऑफिस ऑफ द इमिग्रेशन सर्व्हिसेस कमिशनर असं लांबलचक नाव होतं त्या ऑफिसचं, जानेवारी 2025 पासून त्याला इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटी म्हणतात. आमच्या वेळी कमिशनर होत्या सुझान मॅकार्थी, 2005 ते 2015 अशी दहा वर्षं. त्यांचं नाव आपल्यापैकी कुणीच ऐकलेलं नसेल, आणि मला वाटतं त्यांना त्याचं काही वाटतही नसेल. आधी गर्भधारणेच्या उपचारांवर म्हणजे आयव्हीएफ वगैरेंवर देखरेख करणाऱ्या एचएफईए या संस्थेच्या मुख्य अधिकारी, मग बँक किंवा इन्शुरन्स कंपनी बुडाली तर लोकांना भरपाई देणाऱ्या संस्थेच्या, मग इमिग्रेशन, आणि नंतर फायर ब्रिगेडचे दर्जे ठरवणाऱ्या बोर्डाच्या अध्यक्ष. विषय दर वेळी वेगळा, काम मात्र तेच, ज्याच्या हातात दुसऱ्याचा जीव किंवा पैसा किंवा कागद आहे त्याने तो नीट सांभाळला का ते बघायचं. अशा माणसांची कुणी मिरवणूक काढत नाही.

आम्ही तक्रार केली. फी नव्हती, वकील लागला नाही, फॉर्म भरून पाठवला. पैसे परत नाही मिळाले, ते मिळवून देणं त्या ऑफिसच्या हातात नव्हतं, आणि हेही मी सांगायला हवं, कारण लोक त्याच आशेने जातात. पण पत्राला पत्राने उत्तर आलं, फोनवर एका बाईंनी शांतपणे सगळं विचारून घेतलं, पासपोर्ट कधी दिला, पावती होती का, किती वेळा भेटलात. कुणीतरी आपलं ऐकून लिहून घेतंय याचा त्या दिवसांत किती आधार वाटला होता ते मला आजही आठवतं. काही महिन्यांनी त्या कन्सल्टंटच्या ऑफिसवरची पाटी गेलेली दिसली. आमच्याच तक्रारीने गेली का ते ठाऊक नाही.

तर सल्लागारावर पहारा आहे. वेबसाईटवर रजिस्टर आहे, कुणीही नाव टाकून बघू शकतं, लेव्हल 1, 2, 3 असे प्रकार आहेत, 1 वाला साधे अर्ज भरणार, 2 वाला गुंतागुंतीची केस लढवणार, 3 वाला ट्रिब्युनलसमोर उभा राहणार. (सॉलिसिटर-बॅरिस्टर या यादीत दिसणार नाहीत, त्यांच्या स्वतःच्या संस्था आहेत, तिथे शोधायचं.) फक्त हा सगळा पहारा ब्रिटनमध्ये दिलेल्या सल्ल्यावर आहे. समुद्रापलीकडे बसून सर्टिफिकेट विकणारा त्या कमिशनरच्या हाताला लागत नाही, हे आपल्या वाचकांनी नीट लक्षात घ्यावं.

पण खुद्द होम ऑफिसवर कोण? त्यासाठी वेगळा माणूस आहे, इंडिपेंडंट चीफ इन्स्पेक्टर ऑफ बॉर्डर्स अँड इमिग्रेशन. 2007 च्या यूके बॉर्डर्स कायद्याने हे पद आलं आणि 2008 मध्ये जॉन वाइन पहिले इन्स्पेक्टर झाले, ते आधी स्कॉटलंडमधल्या टेसाइडचे पोलीस प्रमुख होते. सुरुवातीला ते स्वतःचे रिपोर्ट स्वतः जाहीर करायचे. 2014 पासून तेव्हाच्या होम सेक्रेटरी, म्हणजे गृहमंत्री, थेरेसा मे यांनी ते काम स्वतःकडे घेतलं. कायद्यात लिहिलंय की इन्स्पेक्टरने रिपोर्ट मंत्र्याला द्यायचा आणि मंत्र्याने तो पार्लमेंटसमोर ठेवायचा, देशाच्या सुरक्षेला किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल तेवढाच भाग मंत्र्याला झाकता येतो. पण किती दिवसांत ठेवायचा याची सक्ती कायद्यात नाही. आठ आठवडे हा नुसता शब्द दिलेला आहे, आणि माझ्या मते सगळं घोडं इथेच पेंड खातं.

आता डेव्हिड नील. हे गृहस्थ मिलिटरी पोलिसातले, ब्रिटिश लष्कराच्या पोलिसांचे प्रमुख होते, मार्च 2021 मध्ये इन्स्पेक्टर झाले. माझी त्यांच्याशी ओळख नाही, मी त्यांना फक्त टीव्हीवर पार्लमेंटच्या कमिटीसमोर बोलताना बघितलंय. ऑक्टोबर 2022 मध्ये ते केंटमधल्या मॅन्स्टनला गेले, जुन्या हवाईदलाच्या तळावर, छोट्या बोटींतून समुद्र ओलांडून आलेल्या लोकांना तिथे ठेवलं होतं. खरं तर एका माणसाला 24 तास ठेवायची सोय, त्याहून जास्त नाही, आणि जागा 1,600 जणांची. हे गेले तेव्हा तिथे 2,800 च्या आसपास माणसं होती. एका तंबूत एक अफगाण कुटुंब भेटलं, ते 32 दिवस तिथे होतं. दोन दिवसांनी नील कमिटीसमोर गेले आणि बघितलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं, बघून आपल्याला शब्द सुचेनात असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत तेच, आणि महिना उलटायच्या आत ती जागा रिकामी झाली. पहारेकरी असला की काय होतं ते यात दिसतं, त्याने फक्त बघून यायचं आणि बोलायचं, त्याला बाकी काही अधिकार नसले तरी चालतं.

पण बोलायला कमिटीची तारीख रोज नसते. बाकी वेळी रिपोर्ट लिहून मंत्र्याकडे पाठवायचा आणि वाट बघत बसायचं. 2024 च्या फेब्रुवारीपर्यंत नील यांचे पंधराएक रिपोर्ट होम ऑफिसमध्ये नुसते पडून होते. मुदत मार्चमध्ये संपत होती, दुसरी टर्म मिळणार नाही असं त्यांना कळवलेलं होतं. अशा वेळी त्यांनी लंडन सिटी एअरपोर्टवर खासगी विमानांनी येणाऱ्यांची तपासणी नीट होत नाही ही माहिती एका पेपरला दिली. 20 फेब्रुवारीला त्यांना काढून टाकलं. मुदत संपायला महिना राहिला होता.

होम ऑफिसचं म्हणणं होतं की त्यांनी नेमणुकीच्या अटी मोडल्या, गोपनीय माहिती बाहेर दिली आणि दिलेले आकडेही चुकीचे होते. आकड्यांचा वाद मी सोडवू शकत नाही. अटी मोडल्या असतील, हे मी मान्य करते. पण ज्या माणसाने उभं आयुष्य लष्करात शिस्तीत काढलं तो सहजासहजी पेपरवाल्याकडे जात नाही हो. समोरचं दार बंद करून ठेवलं तर माणूस खिडकीतून हाक मारणारच. आणि एक विचारते, तो रिपोर्ट त्यांना स्वतः वेबसाईटवर टाकता आला असता तर पेपरकडे जायची वेळच कशाला आली असती?

काढल्यानंतर नऊ दिवसांनी, 29 फेब्रुवारीला, होम ऑफिसने एका दिवसात 13 रिपोर्ट बाहेर काढले. तेरा! त्याच दिवशी लंडनमधल्या सारा एव्हरार्ड या तरुणीच्या खुनी पोलिसाबद्दलचा चौकशी अहवालही आला होता, सगळा देश त्याकडे बघत होता आणि ते बरोबरच होतं. पण या तेरा रिपोर्टांतलं नीट वाचणार कोण आणि कधी? एकेक रिपोर्ट वेळेवर आला असता तर त्या त्या वेळी कुणीतरी जाब विचारला असता.

आणि मार्चच्या शेवटी आला तो केअर क्षेत्रावरचा रिपोर्ट. मी तो बसमध्ये मोबाईलवर वाचला आणि माझा स्टॉप चुकला. अस्तित्वातच नसलेल्या एका केअर होमच्या नावावर होम ऑफिसने 275 सर्टिफिकेटं दिली होती. दुसऱ्या एका कंपनीने लायसन्स घेताना सांगितलं होतं की आमच्याकडे 4 माणसं आहेत, तिला 1,234 मिळाली. लायसन्स असलेल्या दर 1,600 कंपन्यांमागे तपासायला एक अधिकारी. एक. मला ती दुकानावरची बंद खोली आठवली. तिची कंपनी या रिपोर्टातली आहे असं मी म्हणत नाही, तसं काही माझ्याकडे नाही. पण या पाहणीचं काम ऑगस्ट ते नोव्हेंबर 2023 मध्ये झालं आणि लोकांना कळलं मार्च 2024 मध्ये, मधले चार महिने किती घरांतून किती पैसे गेले असतील, किती मुली विमानात बसल्या असतील. हा रिपोर्ट लिहून झाल्या झाल्या बाहेर आला असता, तुमच्यासारख्या पेपरांनी छापला असता, तर एखादा बाप तरी कर्जाच्या कागदावर सही करायच्या आधी थांबला असता. माझा सगळा जीव या चार महिन्यांत अडकलाय.

नील गेल्यावर त्या खुर्चीत कोणीच नव्हतं. जूनमध्ये आधीचे इन्स्पेक्टर डेव्हिड बोल्ट तात्पुरते परत आले. मधल्या काळात, एप्रिलमध्ये, आश्रय मागायला आलेल्यांना आफ्रिकेतल्या रवांडात पाठवायचा कायदा पार्लमेंटमध्ये पास झाला, म्हणजे इमिग्रेशनमधला इतका मोठा निर्णय झाला तेव्हा इमिग्रेशनवर नजर ठेवणारा माणूसच नव्हता. कुठल्या पक्षाचा काय मुद्दा आहे त्यात मला जायचं नाही, रवांडाच्या बाजूने असलात तरी पहारेकरी हवाच ना.

हे कुणाला आधी सुचलंच नव्हतं असंही नाही. विंडरश प्रकरणात, म्हणजे कॅरिबियन बेटांवरून लहानपणी कायदेशीर आलेल्या आणि पन्नास-पन्नास वर्षं इथे राहिलेल्या लोकांना तुमच्याकडे कागद नाहीत म्हणून नोकरीवरून काढलं, औषधोपचार नाकारले, काहींना देशाबाहेर घालवलं, त्याची चौकशी वेंडी विल्यम्स यांनी केली आणि मार्च 2020 मध्ये 30 शिफारशी दिल्या. त्यातली एक हीच, की चीफ इन्स्पेक्टरला रिपोर्ट जाहीर करण्याबाबत जास्त अधिकार देता येतील का ते बघा, आणि मंत्र्याला त्याचं म्हणणं मान्य नसेल तर का मान्य नाही ते कारण देऊन छापायचं बंधन मंत्र्यावर घाला. सरकारने सगळ्या शिफारशी मान्य केल्या होत्या. मग जानेवारी 2023 मध्ये होम सेक्रेटरी सुएला ब्रेव्हरमन यांनी त्यातल्या तीन सोडून दिल्या, त्यात इन्स्पेक्टरचे अधिकार वाढवायची ही शिफारस गेली. तेरा महिन्यांनी नील यांच्या बाबतीत जे झालं त्याची मुळं मला तिथे दिसतात.

आणि याच देशात दुसरीकडे बरोबर चाललेलं आहे हे जास्त चीड आणतं. तुरुंगांचे चीफ इन्स्पेक्टर आपले रिपोर्ट आपण छापतात, कैद्यांच्या खोलीत उंदीर असतील तर उंदीर असं लिहून छापतात. सरकारी खर्च तपासणारे ऑडिटर जनरल तर हाउस ऑफ कॉमन्सचे अधिकारी असतात, 10 वर्षांची एकच टर्म, आणि दोन्ही सभागृहांनी मागणी केल्याशिवाय त्यांना काढता येत नाही. मग इमिग्रेशनचा इन्स्पेक्टर तेवढा मंत्र्याच्या मर्जीवर का? कैद्याला निदान या देशात मत देणारे आईबाप असतात. व्हिसावर आलेल्या माणसाचं इथे कोण असतं, काही बोललं तर व्हिसा जाईल या भीतीने तो गप्प बसतो, त्याच्या वतीने बोलणारा तो एक माणूस, त्याचंही तोंड दुसऱ्याच्या हातात ठेवलंय.

काही लोक म्हणतील, तुम्ही आता सेटल झालात, तुम्हाला काय करायचंय. मला हे ऐकवलं गेलंय, आपल्याच लोकांकडून. केअर वर्करना जोडीदार आणि मुलं आणायची बंदी मार्च 2024 पासून झाली, बाहेरून नवीन केअर वर्कर घेणं जुलै 2025 पासून बंद झालं, म्हणजे आता प्रश्नच मिटला असं त्यांचं म्हणणं. मिटला कसा? आधी आलेली हजारो माणसं इथेच आहेत, स्पॉन्सर बदलत, 60 दिवसांची पत्रं उघडत. आणि उद्या दुसरा कुठला व्हिसा निघेल, तिथेही लायसन्स देणारं ऑफिस तेच असणार.

माझं मागणं एवढंच आहे. चीफ इन्स्पेक्टरने रिपोर्ट लिहिला की सुरक्षेचा भाग वगळून ठरलेल्या दिवशी तो त्यानेच जाहीर करावा, आठ आठवडे हे कायद्यात यावं, आणि त्याला काढायचं असेल तर पार्लमेंटच्या कमिटीला विचारावं लागावं. इथे मत देणारे आपले मराठी लोक हॅरो, वेम्बली, स्लाव, लेस्टर सगळीकडे आहेत, आपल्या खासदाराला एक ईमेल करायला दहा मिनिटं लागतात, मी केलीय, उत्तरही आलंय, कमिटीकडे पाठवतो म्हणून. आणि संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती, परदेशी नोकरीच्या जाहिराती ज्या पानावर येतात त्याच पानावर एका चौकटीत छापा की ब्रिटनमधल्या सल्लागाराचं नाव इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटीच्या रजिस्टरवर बघता येतं, लायसन्स असलेल्या स्पॉन्सर कंपन्यांची यादी ब्रिटिश सरकारच्या वेबसाईटवर फुकट आहे, आणि यादीत नाव असलं म्हणजे तिथे नोकरी आहेच असं नाही.

त्या मुलीला रजिस्टरवरची एक लेव्हल 2 ची सल्लागार मिळाली, आम्ही फक्त यादी उघडून दिली होती. बावन्नाव्या दिवशी नवीन स्पॉन्सर मिळाला. ती आता उत्तरेकडे एका केअर होममध्ये नाईट शिफ्ट करते, कर्ज अजून फिटलेलं नाही.

आपली,
एक वाचक, हॅरो, लंडन